पंचविसावा आठवडा

गोदामात तिला सगळे चिकटपट्टी म्हणायचे. एक तर खोकी बंद करायचं टेबल तिचं, आणि दुसरं म्हणजे पोरंपोरी येत नि जात, ही बया मात्र अडीच वर्षं हलली नव्हती. नव्यांना शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात. खोकं कमरेतून नाही, गुडघ्यातून उचल. टेप दातानं तोडू नकोस. एवढं शिकेशिकेपर्यंत साडेपाच महिने होत आणि पोरं गायब. मग ती म्हणायची, "आठवडाभर सुट्टी काय मिळाली, परत यायला जिवावर आलं यांच्या. अंगात हाडच नाही मेल्यांच्या."

नोकरी अर्ध्या वेळेची. वर्षभरापूर्वी नियम आला की सलग सव्वीस आठवडे भरले, मध्ये एकही कोरा गेला नाही, तर कंपनीचा आरोग्य विमा लागू, त्यात आईसुद्धा. आणि आईचा खुबा पार झिजला होता. न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरून, वाटेत दोनदा थांबून. विम्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती.

दोनदा मोजणी मोडली. एकदा आई पडली म्हणून, एकदा हिलाच कावीळ झाली म्हणून. तिसऱ्या वेळी तिनं कंबरच कसली. अंगात ताप घेऊन कामावर गेली, चुलतबहिणीच्या लग्नाला गेली नाही. कपाटाच्या दाराला आतून खडूच्या रेघा मारल्या. चोवीस झाल्या, तेव्हा डॉक्टरांकडून तारीखही घेऊन आली.

त्याच शनिवारी सुपरवायझर टेबलाशी आला. हा दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा टेप लावताना स्वतःचीच बोटं चिकटवून घ्यायचा. हिनंच त्याला माणसात आणला. कितीदा तरी हिच्या घरी, हिच्या आईच्या हातचं जेवला.

"ताई, चेहरा बघ आरशात. पुढचा आठवडा घरी राहा, मावशींजवळ बस."

"आणि माझी मोजणी?"

"सुट्टी तू कुठे घेतेयस? मी देतोय. कागदावर हजेरीच लागेल."

"नक्की ना रे?"

"अगं, मी आहे ना."

झालं. माणूस आपला म्हटला की डोळे मिटायला कितीसा वेळ लागतो? आठवडाभर ती पोटभर झोपली, आईचे केस धुतले. आई म्हणाली, "भलं होवो त्या पोराचं," आणि बसल्या बसल्या गोडाचं करून त्याच्यासाठी डबा धाडला.

सोमवारी ती विम्यासाठी आईचे कागद आगाऊ द्यायला ऑफिसच्या खिडकीशी गेली. कारकुनानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. सलग आठवडे: शून्य. मागचा कोरा.

"चूक झालीय काहीतरी," ती म्हणाली.

"चूक नाही," तो मान वर न करता म्हणाला. "पंचविसावा बहुतेकांचा कोराच जातो."

तिला भिंगरी आठवली. सगळ्यात चपळ पोर, अशाच सुट्टीनंतर सोडून गेलेली. जाताना म्हणाली होती, "ताई, तुमचाही आठवडा येईल." हिला वाटलं होतं, जळते आपल्यावर. पोरं पळत नव्हती तर, त्यांना हुसकावून लावत होते. आणि ही शहाणी त्यांचीच हाडं मोजत बसली होती.

सुपरवायझर पुढची यादी समोर घेऊन बसला होता. दोन पोरींच्या नावांभोवती गोल केलेले होते.

"वरून यादी येते ताई. नाही ऐकलं तर माझी खुर्ची जाते."

"मग मला खरं सांगायचं होतंस."

"खरं सांगितलं असतं तर घेतली असतीस सुट्टी?"

"केसानं गळा कापलास रे माझा," एवढंच ती म्हणाली. त्यानं खण उघडून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. स्वच्छ धुतलेला होता.

घरी आल्यावर तिनं आधी कपाट उघडलं आणि ओल्या फडक्यानं चोवीस रेघा पुसल्या. आई तोवर भिंत धरत दारापर्यंत आली होती. तिची नजर डब्यावर.

"आवडलं का गं त्याला?"

"आवडलं. काही शिल्लक ठेवलं नाही त्यानं."

आईचा चेहरा फुलला. "मग रविवारी जेवायलाच बोलाव," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी एकदा माझ्या हातचं खाऊ दे पोराला."