दोनशे वीसच्या पुढं

माझा हात जड हाय. हे आधीच सांगून टाकते, म्हंजी मागनं कुणी म्हणाय नगं की धोंडुबाईनं आपलं झाकलं आन दुसऱ्याचं उघडं केलं. नवऱ्यानं मला मारलं, मी पोरीला मारलं, आन पोरगीनं त्यो पांढरा चेंडू मारला. गोष्ट एवढीच हाय. खरं ती माझ्या वर्षाराणीची हाय, म्हणून नीट बसून ऐका.

कोल्हापूरच्या भायेर माळावर गोल्फचं मैदान हाय. चौदा वर्सं झाली, मी तिथं गवत काढते. वर्षी माझी एकुलती एक. पाच वर्सांची हुती तवापासनं माझ्यासंगं यायची. मोठ्या लोकांचे चेंडू झुडपात जायाचे, ही हुडकून आणून द्यायची. ती पंधराची असताना एकदा एका पावण्याचा फटका वाकडा गेला. त्येनं रागाच्या भरात हातातला दांडा भिरकावला, त्यो वर्षीच्या नडगीवर बसला. रगात भळाभळा. मी खुरपं टाकलं, त्योच दांडा उचलला आन पावण्याच्या पाठीत असा घातला की त्येचा गॉगल गवतात जाऊन पडला. "लेकराला मारतोस व्हय रं, मुडद्या?" चार लोकांत बाईचा मार खाल्ला हे सांगायची त्येलाच लाज, म्हणून तक्रार झाली न्हाय. माझी नोकरी वाचली. घरी गेल्यावर मी वर्षीच्या पण दोन ठिवून दिल्या, मधी कशाला कडमडलीस म्हणून. असली मी.

त्यो वाकलेला दांडा वृषभ सरांनी सरळ करून वर्षीला खेळाय दिला. सर म्हंजी तिथं खेळ शिकवणारं. शिरोळकडल्या जैनांच्या घरातलं. पायाखाली मुंगी आली तर बाजूनं जाणारा माणूस. तीन वर्सांत पोरगीनं असं काय शिकून घेतलं की सर म्हणायचे, "धोंडुमावशी, जवळचे फटके हिच्यासारखे इथं कुणाला जमत नाहीत. फक्त लांब जात नाही."

लांब म्हंजी पयला फटका. त्येला ड्रायव्हर नावाचा सगळ्यात लांब दांडा असतोय. मला आधी वाटलेलं ड्रायव्हर म्हंजी सरांची गाडी चालवणारा कोणतरी. लाकडाच्या खिळ्यावर चेंडू ठेवायचा आन जीव खाऊन हाणायचा. वर्षीचा चेंडू एकशे पंचाहत्तर यार्डावर दम टाकायचा.

ती अठरा वर्सांची झाली त्या साली सरांनी बातमी आणली. पुण्याला सरावाचं शिबिर निघणार, ऱ्हाणं, जेवण, कॉलेज, सगळं त्येंचं. निवड आपल्याच मैदानावर. पाच चेंडू मारायचे, त्यातले तीन दोनशे वीस यार्डाच्या पुढं गेले पायजेत. गेले तर पोरगी पुण्याला, न्हाय तर घरी.

घरी म्हंजी कुठं, ते पण ठरलेलं. आमचा मालक हंबीरराव, उसाचा ट्रॅक्टर चालवतोय. त्येनं दारूच्या बैठकीत मलकापूरचं एक स्थळ कबूल केलतं. चाळिशीचा गडी, दोन टेम्पोचा धनी. पयली बायकू जळून मेलेली. स्टोव्हचा भडका झाला म्हणं. मी इच्यारलं, "ह्या जमान्यात स्टोव्ह कुठला वो?" तर हंबीररावानं माझं तोंड पितळी तांब्यानं फोडलं. खालचा हा दात तवाच गेला. वर म्हणतोय कसा, "तुझ्या त्या पोरीची, रांडेची, निवड झाली तर जाऊंदे पुण्याला. न्हाय झाली तर सुपारी फोडायची." सरांच्या म्होरं पण असंच बोलला, म्हणून त्येला शब्द फिरवाय येत न्हवता. निदान मला तसं वाटत हुतं.

मग काय, दोनशे वीसचा नाद लागला. मी पोरगीच्या मागं उभी ऱ्हायची आन वरडायची, "हाण! घाल बुडक्यात!" ती तसंच करायची. दांडा मातीत घुसायचा, ढेकळं उडायची, चेंडू चार कोलांट्या खाऊन गप. सर डोक्याला हात लावायचे. "मावशी, अहो हे गवत नव्हे. गवत बुडातनं काढायचं असतं. इथं चेंडू वर उचलून ठेवलाय, दांडा खालनं वर येताना लागला पाहिजे. तुम्ही मायलेकी दोघीबी विळाच चालवालाय." ते माझ्या डोक्यात शिरलं. आमची चूक गवताचीच हुती.

आन मग मला गोफण आठवली. माझं माहेर नरसोबाच्या वाडीजवळ, नदीकाठच्या काळ्या रानात. शाळू भरला की पाखरं राखायला माळ्यावर मीच. आमच्या आण्णाचा दगड बांधाला पडायचा, माझा बांध वलांडून जायाचा. आण्णाच्या अंगात बैलाचं बळ हुतं, खरं त्यो गोफण आवळून धरायचा. गोफण आवळायची नसती. मनगट ढिलं, कंबर आधी फिरली पायजे, हात मागनं, आन शेवटाला फकस्त सोडायचं. मी लुगड्याच्या काठाची गोफण करून वर्षीच्या हातात दिली. आठ दिवस तिनं दगडच फेकले. एक दगड सरांच्या मोटरसायकलीच्या दिव्यावर बसला, सरांनी तो पण सोसला. नवव्या दिवशी चेंडू मारला तर दोनशे पाच! मी नाचले की वो मैदानात.

खरं पुढं घोटाळा झाला. एक दिस दोनशे पंचवीस, दुसऱ्या दिशी एकशे नव्वद. कधी चेंडूच्या डोक्यावरच लागायचा आन त्यो सशागत सरपटत जायाचा. माझं टाळकं फिरायचं. मैदानात कुणी न्हाय बघून मी तिच्या पाठीत बुक्की घातली. घरात उलथन्यानं मारलं. सुपारी जवळ आलीया आन ही अशी! मला वाटलं कुणाची तरी नजर लागली. मीठमिरच्या घिऊन तिच्यावरनं ओवाळाय लागले तर पोरगी भिंतीला चिकटली. म्हणलं, बघा, बाधाच हाय.

एक दिस सर हळूच म्हणाले, "मावशी, एक बोलू? तुम्ही नसता त्या दिवशी हिचा फटका दोनशे वीसच्या पुढं जातो."

"माझ्या पायगुणाला नाव ठिवतायसा व्हय?" मी खुरपंच उगारलं. सर मागं सरकले, खरं गप बसले न्हाईत. त्येंनी फोन काढला. वर्षीच्या एका फटक्याचं शूटिंग त्येंनी सावकाश लावलं. दांडा वर जातोय. झकास. कंबर फिरतीया. झकास. आन चेंडूला लागायच्या आधी, एवढ्याशा टायमाला, डावा खांदा कानाला भिडतोय, हनवटी छातीत, कोपर पोटाशी. "इथं सगळा जोर मरतो. प्रत्येक वेळी नाही, पण मरतो. कशाला भिते ही?" सरांनी फोनचा आवाज वाढवला.

खळ्ळ. बांगड्या. माझ्या. मागं उभी राहून मी "हाण" म्हणायला हात वर केलता.

त्यो खांदा मी वळखला की वो. चुलीपाशी उलथनं उचललं की पोरगी असाच डावा खांदा वर घ्यायची. डावाच. कारण मी उजव्या हातानं मारते आन समोरच्याच्या डावीकडं बसतंय. बांगड्या वाजल्या की मार येतोय, एवढंच त्या शरीराला ठावं. बापानं मला मारलं ते तिनं बघितलं हुतं, खरं तिला मारलं ते मी.

"सर, ती भीत न्हाय," मी म्हणलं. "ती माझ्यापासनं स्वताला वाचवतीया."

सरांनी फोन बंद केला.

घरी जायाची वाट न बघता तिथंच, दुपारी, चेंडू वेचताना मी वर्षीला धरलं. "मला का सांगितलं न्हाईस गं?"

ती चेंडू पुसत हुती. म्हणली, "सांगितलं असतं तर मारलं असतंस की."

त्या दिसापास्नं मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गवत काढाय लागले. उलथन्याला हात लावला न्हाय. तीन आठवडं झाले, फटका दोनशे वीसच्या खाली आला न्हाय. निवडीच्या दिशी मी घरातच थांबायचं ठरवलेलं, सरांना तसा शब्द पण दिलता.

आन त्याच सकाळी हंबीररावानं दाराला आतनं कडी घातली. मलकापूरचे पावणे धा वाजता येणार, पोरगी भायेर जाणार न्हाय म्हणाला. म्हणलं, "तुम्ही सरांना शब्द दिलासा." त्येनं पट्टा काढला. पयला फटका माझ्या मानंवर, दुसरा कानावर. तिसरा वर्षीकडं निघाला तवा मी मधी पडले. पाट्यावरचा वरवंटा उचलला आन त्येच्या पायावर सोडला. हाणला न्हाय, सोडला. कडकन आवाज आला. त्यो वरडला, माझी दोन्ही मनगटं धरली आन दारावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. बांगड्या फुटून कातड्यात घुसल्या. मी वर्षीला वरडले, "पळ! खिडकीतनं पळ!" पोरगी ड्रायव्हर घिऊन उडी मारून गेली. कोपऱ्यावर सर तिला न्यायला मोटरसायकल घिऊन उभेच हुते. हंबीरराव मला सोडून तिच्या मागं पळाय गेला तर पाय टेकंना. बोटं मोडलीती. तिथंच बसून शिव्या घालत ऱ्हायला.

मी भायेर येऊन कडी घातली. जायाला नको हुतं मला. सरांना शब्द दिलता. खरं माझी पोर पळून गेलीया आन मी घराच्या दारात बसू? वडापची जीप धरली आन गेले.

मैदानाच्या नळावर रगात धुतलं. उजवा हात मोकळा झालता, डाव्यात चार बांगड्या ऱ्हायल्या हुत्या, हिरव्यागार. मी डावं मनगट नळाच्या दगडावर आपटलं. संगं गवत काढणारी चिमणाबाई तिथं भांडी घासत हुती, ती किंचाळली, "आगं धोंडे, काय करालीस! मालक हाईत न्हवं?"

"हाईत. मस जिते हाईत. मीच वाढवल्या," म्हणलं. चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. बाईमाणसानं नवरा असताना बांगड्या वाढवायच्या म्हंजी काय ते मला ठावं हाय. मनगटं पुसली, पदराखाली घेतली आन लोकांच्या मागं जाऊन उभी ऱ्हायले. पयल्यांदा माझे हात मुके झालते.

वर्षीचे चार चेंडू झालते. दोन पुढं, दोन मागं. शेवटचा एक. तिच्या दंडावर खिडकीचा पत्रा लागून चीर पडलेली, बाही लाल झालेली. सर दूर उभे, हाताची घडी. त्येंनी मला बघितलं, त्येंचा चेहरा पडला. मी मान हलवली, मोकळी मनगटं दाखवली. सरांनी डोळं मिटलं.

पोरगीनं खिळा रोवला, चेंडू उंच ठेवला, डाव्या टाचंच्या रेषेत. दांडा बोटांनी धरला, ढिला. मी श्वास पण घेतला न्हाय. कंबर फिरली. खांदा खालीच ऱ्हायला बगा. खालीच! सट्ट झालं, माझ्या गोफणीचा आवाज हुता त्यो, आन चेंडू गेला, गेला, झेंड्याच्या पण पुढं जाऊन पडला. तिकडनं माणूस वरडला, "दोनशे चौतीस!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणतरी "नाद खुळा!" म्हणून शिट्टी मारली. मी काय थांबते? माणसं ढकलत पळाले. माझी पोर सुटली हुती. मलकापूर सुटलं, स्टोव्ह सुटला. तिच्या म्होरं गेले आन तिची अलाबला घ्यायला, कानशिलावर बोटं मोडायला, दोन्ही हात वर केले.

ती वळली. तिनं ते दोन हात बघितले.

हातातला दांडा पडला. डावा खांदा कानाला भिडला, हनवटी छातीत गेली, दोन्ही कोपरं डोक्यावर आली. एवढ्या लोकांत, पुण्याच्या पावण्यांसमोर, माझी पोरगी माझ्यापुढं वाकून उभी ऱ्हायली. टाळ्या थांबल्या. बांगड्या न्हवत्या, आवाज न्हवता, तरी बी.

मी हात खाली घेतले. पाठीमागं नेले, एकात एक अडकवले. "ये, बाय," म्हणलं. "काय करत न्हाय मी. ये."

चार पावलं हुती फकस्त. लई येळ लागला तिला.