सुजाता मॅडमनी मागं घेतलेला पेपर

सुजाता मॅडम आज पहाटे गेल्या, आणि सकाळपासून मला त्यांचा कधीच न छापला गेलेला पेपर आठवतोय.

त्यांच्या डिग्र्या, पदं बाकीचे लिहितील. मी हे लिहिते.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात त्या बॉटनी शिकवायच्या. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी.
त्यांचं गाव सिद्धेश्वर धरणाजवळ, माझं नरसीकडं.
वर्गात एकदम पुस्तकी मराठी. लॅबमध्ये आम्ही दोघीच असलो की गावाकडची.

विषय होता हरभरा आणि ऊन.
उशिरा पेरलेला हरभरा ऐन फुलात असताना ऊन तापलं की घाटे पोकळ राहतात. आपल्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीला मी घाबरत घाबरत विचारलं, "मॅडम, हीट-शॉक प्रोटीन म्हणजे नेमकं काय करतं?"

"उकडलेलं अंडं परत पातळ होतं का?"

"नाही."

"पेशीतल्या प्रोटीनचं उन्हात तसंच व्हायला लागतं. आकार सुटतो, एकमेकाला चिकटून गोळा होतो. हे हीट-शॉक प्रोटीन मधी पडतंय. त्यांना धरून ठेवतंय, गोळा होऊ देत न्हाई. म्हणून झाड जगतंय. कळलं?"

कळलं. अजूनही वर्गात मी पोरांना हेच सांगते.

आमच्याकडं हरभऱ्याचा एक वाण होता. हीट चेंबरमधून, म्हणजे रोपांना मोजून उष्णता देणाऱ्या कपाटातून, त्याची रोपं बाहेर काढली की टवटवीत. शेजारच्या ट्रेमधला नेहमीचा वाण मात्र करपून आडवा.
दर वेळी हाच रिझल्ट.
मॅडमनी पेपर लिहिला. चांगल्या जर्नलनं तो स्वीकारला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मॅडमचं प्रमोशन अडकलं होतं, ते आता नक्की होणार असं सगळेच म्हणायला लागले.

मग एका दुपारी त्या लॅबमध्ये उभ्या होत्या. चेंबरमध्ये जायची वाट बघत ट्रे ठेवलेले.
सहज त्यांनी एका ट्रेच्या मातीवर हात ठेवला. मग दुसऱ्याच्या.
परत पहिल्याच्या.

"ही माती कोमट काहून गं?"

"खिडकीतलं ऊन येतंय ना मॅडम तिथं."

त्या स्टूल ओढून बसल्या.

टेबल लहान होतं. म्हणून आमच्या वाणाचे ट्रे पश्चिमेच्या खिडकीत आणि नेहमीचे आत सावलीत, अशी जागा मॅडमनीच ठरवून दिली होती.
खिडकीतल्या रोपांना रोज थोडं थोडं ऊन लागत होतं. थोडी उष्णता आधी मिळाली की रोप ही प्रोटीनं आधीच बनवून ठेवतं. मग पुढचा मोठा तडाखा सोसतं.
म्हणजे टिकाव वाणाचा होता की खिडकीचा, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"मॅडम, रडून राहिल्या का तुमी?"

"न्हाई गं. राग आलाय. माझाच मला."

त्यांनी सगळे ट्रे एकाच ठिकाणी ठेवून प्रयोग परत केला.
दोन्ही वाण करपले. आमचा किंचित कमी. पेढे वाटण्याइतका नाही.

विभागप्रमुख सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी दारातच उभी होते.

"मॅडम, पेपर स्वीकारलाय त्यांनी. तुमची फाइल वर गेलीय. कुणाला कळणार आहे?"

"शेतात कळेल सर. तिथं खिडकी नसते."

त्याच दिवशी त्यांनी जर्नलला मेल केला. पेपर मागं घेतला.
नंतर कॉलेजच्या सेमिनारमध्ये उभं राहून सांगितलं, "ट्रेची जागा मी ठरवली होती. चूक माझी आहे, माझ्या विद्यार्थिनीची नाही."
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मॅडमनी तिकडं बघितलं, आणि पुढची स्लाइड लावली.

प्रमोशन गेलं. मिळालं ते फार उशिरा.

पण त्या पुढच्या स्लाइडवर नवा प्रश्न होता: थोड्या उन्हात कुठला वाण ही प्रोटीनं लवकर बनवतो, आणि जास्त वेळ टिकवून ठेवतो?
पुढची सगळी वर्षं आम्ही तेच केलं. लाइट गेली की चेंबर बंद, परत पहिल्यापासून. मॅडम चिडायच्या, चहा प्यायच्या, परत बिया भिजवायच्या.
त्यातून एक वाण हाती लागला. तो शेतात मुद्दाम उशिरा पेरला. भर उन्हात घाटे भरले. सगळे नाही, पण शेजारच्या वाफ्यापेक्षा चांगले.
चाचण्या अजून चालू आहेत. बाजारात यायला वेळ आहे. शेवटच्या आजारपणातही मॅडम लोकांना हेच सांगायच्या, एक शब्द वाढवून नाही.

आज दुपारी त्यांना गावी नेलं.
मांडवात त्यांची आई बसली होती. मी पाया पडले. त्यांनी माझा हात सोडलाच नाही.

"तू तिच्या लॅबातली का?"

"व्हय, माय."

"ते हरभऱ्याचं काम अर्धंच राहिलं म्हणत होती. आता कोण करंल?"

"मी करते, माय."

त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.

"मग बराबर कर, बाई. आमची सुजा लई रागीट हाय."

मॅडम, तुम्हाला माझा मनापासून शेवटचा जय भीम.
उद्या लॅब उघडते.