रत्नाताईंच्या हाताला कळायचं

मी केमिस्ट आहे. अंगात येणं, भुतंखेतं यावर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही... तरी हे लिहितोय, कारण लॅबमध्ये कोणाशी बोलायची सोय नाही.

विक्रोळीला एका इंडस्ट्रियल गाळ्यात आमची पाणी तपासायची लॅब. पाण्यातलं शिसं मोजणं माझं काम. इलेक्ट्रोड बुडवायचा, करंट देऊन शिसं त्याच्यावर जमवायचं, मग उतरवायचं. उतरताना स्क्रीनवर टोक उठतं. जेवढं उंच, तेवढं शिसं.

बाटल्या धुवायला रत्नाताई होत्या, मालवणकडच्या, पन्नाशीच्या. एकदा भरलेली बाटली माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाल्या, "सर, ह्यात आसा." मी हसलो. टोक उठलं. पुढे मी मुद्दाम नंबर झाकून बाटल्या त्यांच्या हातात द्यायचो आणि उत्तरं लिहून ठेवायचो. वर्षभरात एकदाही चुकल्या नाहीत.

"कसं कळतं हो?"

"हात जड होतो. बाकी माका काय म्हायत?"

मग कांदिवलीच्या एका सोसायटीच्या टाकीचं पाणी आलं. रत्नाताईंनी बाटली उचलली आणि लगेच खाली ठेवली. "खूप आसा." मी तीनदा रन घेतला... रेघ सपाट. सोसायटीचे सेक्रेटरी समोरच बसलेले. रत्नाताई सरळ त्यांना म्हणाल्या, "पोरांना देऊ नका हे पाणी."

मॅनेजरने मला आत बोलावलं. "ही बाई नेहमी असं काहीही बोलते का?"

वर्षभराची नोंद माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी म्हणालो, "माहीत नाही, सर." रत्नाताईंना काढलं. रिपोर्टवर सही माझी.

काही महिन्यांनी त्या सोसायटीतली तीन मुलं आजारी पडली. आमच्याकडे उरलेला तोच नमुना दुसऱ्या लॅबने आधी ॲसिडमध्ये उकळून मग मोजला. शिसं भरपूर निघालं. टाकी धुतल्याचा साबण पाण्यात राहिला होता, तो माझ्या इलेक्ट्रोडवर बसला आणि टोक दबलं.

मी रत्नाताईंच्या चाळीत जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. सांगायला लाज वाटते — मी पिशवीतून नमुन्यांच्या दोन बाटल्या नेल्या होत्या. त्या बघून त्यांनी हात पदराखाली घेतले.

"आता नाय कळत, सर. कळला तरी सांगूचंय नाय."

मशीन का चुकलं, याचा तीन पानी खुलासा फाइलला लागलाय. त्यांना कसं कळायचं, ते मला अजून माहीत नाही... आणि लॅबमध्ये ते कोणी विचारलंही नाही.