बोगद्यात टाळी वाजवणारा

म्युनिकमध्ये आमच्या स्टेशनाजवळ एक म्हातारा इराणी भाजी विकतो. तरुणपणी पुण्यात शिकला, म्हणून मोडकंतोडकं मराठी बोलतो. स्टेशनखालच्या बोगद्यातून जाताना तो मधेच थांबतो, एक टाळी वाजवतो आणि कान देतो. मग मान हलवतो. "बोगदा कंजूस आहे, दादा."

त्याच्या इस्फहानात जुनी मशीद आहे. तिचा निळा घुमट दुहेरी, मधे पोकळी. खाली एका दगडावर उभं राहून टाळी वाजवली, की ती पुन्हा पुन्हा परत येते म्हणे. हे इतक्यांदा ऐकलंय की मी म्हणायचो, "मशीद राहू दे, मेथी दे."

बायको गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो. "वहिनी दिसत नाहीत?" त्याने विचारलं. मी सांगितलं. गिऱ्हाईक उभं असताना त्याने दुकान बंद केलं आणि हाताला धरून मला बोगद्यात नेलं.

"माझी आई गेली तेव्हा घुमटाखाली मी तिला हाक मारली होती. तू पण मार. नाव घेऊन."

मला चीडच आली. आमच्या वेळी बायकोला नावाने कोण हाक मारायचं? मी जन्मात मारली नाही. तरी तोंड उघडलं, आणि निघालं ते, "अगंऽ."

ते परत आलं. मी असा हादरलो की भिंत धरली.

तो कान देऊन उभा होता. या वेळी मान हलवली नाही.

"हेच नाव?"

"हेच," मी म्हटलं.