भाऊंना सांगायचं कोणी?

मंगळवारी उपकेंद्रात लसीकरण होतं. गर्दी ओसरल्यावर मागे थांबलेल्या बायकांना मी नेहमीचंच सांगत होते... अंगावरून पांढरं जात असेल तर लपवू नका, औषध नवरा-बायको दोघांनी घ्या. तेवढ्यात धुळ्याहून भाचीचा फोन आला. कल्पनावहिनी गेली. आज त्याला महिना झाला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. मी बोदवड तालुक्यात नर्स आहे. चार वर्षांपूर्वी ती धुळ्याजवळच्या आमच्या गावाहून एकटीच माझ्याकडे आली, घरी 'ताईकडे पापड करायला जाते' असं सांगून. दोन दिवस खरंच पापड लाटले. तिसऱ्या दिवशी लाटणं खाली ठेवून म्हणाली, "ताई, माले खाले लई तरास शे." गावच्या दवाखान्यात गेली असती तर दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं, म्हणून ही एवढ्या लांब आली होती. मला तिचं कौतुक वाटलं आणि रागही आला.

डॉक्टरांनी तपासलं आणि दोघांची औषधं दिली. तिच्या गोळ्या चौदा दिवसांच्या, भाऊंच्या एकदाच घ्यायच्या. भाऊ बोअरच्या गाडीवर असतात, महिनोन् महिने मध्य प्रदेशात. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, वडलांच्या जागी. परक्या गावच्या पुरुषांना पारावर गाठून मी निरोध कसा वापरायचा ते समजावते, पण भाऊंसमोर माझी मान वर होत नाही. त्यांच्या गोळ्या मी वहिनीच्या हाती दिल्या. निरोधचं पाकीट तर ती माझ्याच पिठाच्या डब्यामागे ठेवून गेली, इतकी लाजरी.

ती बरी झाली. भाऊ घरी येऊन गेले आणि पुन्हा तेच. असं तीनदा झालं. दर वेळी मी विचारायचे, भाऊंनी घेतल्या का? ती हो म्हणायची, आणि मी मान डोलवायचे. दुसऱ्या कुणा बाईचं असं झालं असतं तर मी तिच्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं असतं. एवढी अक्कल मला होती... पण ती घरात वापरली नाही.

चौथ्या वेळी तिला माझ्याकडे यायचीही लाज वाटली. ताप, ओटीपोटातलं दुखणं अंगावर काढलं. धुळ्याला दवाखान्यात नेलं तेव्हा आत साठलेला पू फुटला होता. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "ताई, त्यासले मी गोया दिध्याच नही. कशी सांगू?" मी तिला रागावूही शकले नाही. मलाही सांगता आलं नव्हतंच. लसीकरणासाठी मला परतावं लागलं, आणि मंगळवारी तो फोन आला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आजार भाऊंच्या अंगात अजून असणार, हे मला डोळ्यांआड करता येईना. ते ओट्यावर बसले होते. मी जमिनीकडे पाहत सगळं सांगून टाकलं, वहिनीला काय झालं होतं, कशानं झालं, गोळ्या कुणासाठी होत्या. वाटलं, उठून जातील, नाहीतर हात उगारतील.

भाऊ म्हणाले, "इतलंच व्हतं? माले कोणी सांगंच नही. आण, कोठे शेत गोया?"

मी पर्समधून गोळ्या काढून दिल्या. त्यांनी त्या तळहातावर घेतल्या, तोंडात टाकल्या आणि वर दोन घोट पाणी प्यायले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.