आईची फळी

माझ्या भावाने एका दुपारी आईचं उरलंसुरलं डोकं रिकामं केलं, आणि वर मी त्याचं कौतुक करावं अशी त्याची अपेक्षा होती.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. दर तीन वर्षांनी बदली, शेवटची कोलकात्याला. इथेच ते वारले, मला इथल्याच कॉलेजात नोकरी लागली, म्हणून आम्ही मायलेकी बागबाजारातच राहिलो. बदलीचं गाव कुठलंही असो, आईचा नियम एकच. ट्रकमधून सामान उतरलं की आधी स्वयंपाकघरातली फळी लावायची. डब्यांचा क्रम ठरलेला होता. दिवे गेले तरी तिचा हात बरोबर हव्या त्या डब्यावर जायचा. अलीकडे तिला आजचा वार आठवत नाही, वडील गेल्याचंही आठवत नाही. पण सकाळचा चहा ती स्वतः करायची. त्या चहाच्या जोरावर तिचा दिवस उभा राहायचा.

मी प्राचीन ग्रीक-रोमन साहित्य शिकवते. त्यातली एक गोष्ट दरवर्षी सांगते. मेजवानीच्या दालनाचं छत कोसळतं, आतली माणसं ओळखू न येण्याइतकी चिरडली जातात. तेवढ्यात बाहेर गेलेला एक कवी वाचतो, आणि कोण कुठे बसलं होतं हे आठवून नातेवाइकांना आपापला माणूस दाखवून देतो. आठवण जागेला धरून राहते, हे त्यावरून त्या लोकांनी ओळखलं. रोमन वक्ते लांबलचक भाषणं मनातल्या घराच्या खोल्याखोल्यांत मांडून ठेवायचे. वर्गात हे सांगताना मी अगदी रंगून जाते. घरी आई रोज तेच करत होती, ते मला कधी दिसलं नाही.

भाऊ पुण्याहून आठवड्यासाठी आला होता. मी परीक्षेच्या कामाला गेले असताना त्याने फळी रिकामी केली, जुने पोचे पडलेले डबे भंगारात दिले आणि एकसारख्या पारदर्शक बरण्या मांडल्या. प्रत्येकीवर इंग्रजीत चिठ्ठी.

"ताई, आता आईला वाचून कळेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहात मीठ घातलं. एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि फळीकडे बघत मला विचारलं, "बदली कुठे झाली गं आपली?"

मी भावावर तुटून पडले. तो म्हणाला, "अगं, ती तशीही विसरणारच आहे. एका परीने बरंच आहे ना, बाबांचं दुःख तरी नाही." डोक्यात तिडीक गेली. ग्रीकांच्या कथेत विस्मृतीच्या नदीचं पाणी पिऊन आत्मे दुःखातून सुटतात, हेही मी वर्गात गोड आवाजात शिकवलेलं आहे. पण ते पाणी मेलेल्यांसाठी आहे. माझी आई जिवंत आहे आणि तिला चहा करायचा आहे.

भंगारवाल्याला शोधत मी मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला खणलेल्या, आता बुजलेल्या मराठा खंदकाच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. हे शहर अडीचशे वर्षांहून जुनी मराठ्यांची भीती अजून विसरलेलं नाही, आणि आमच्या घरातलं सगळं एका दुपारभरात पुसलं गेलं. डबे मिळाले नाहीत. शेवटी स्टीलचे नवे घेतले, बरण्यांतलं त्यांत भरलं आणि रिकाम्या फळीसमोर उभी राहिले.

पहिला कुठला? चहाच्या डावीकडे काय होतं? मला आठवेना. भावाला काय नावं ठेवायची? जन्मभर त्या फळीवरचं खाल्लं आणि एकदाही नीट पाहिलं नाही. मला माझीच लाज वाटली.

"ट्रक आला का?" आईने खुर्चीतून विचारलं.

"आला," मी म्हटलं.

ती उठली, पदर खोचला आणि रिकाम्या फळीवर एका जागी तळहात टेकवला. "साखर." मी तिथे साखर ठेवली. मग चहा. मग मीठ, पार दुसऱ्या टोकाला. त्यानंतर तिचा हात बराच वेळ फळीवरून फिरत राहिला आणि खाली आला.

सकाळचा चहा आता पुन्हा तीच करते. भाऊ व्हिडिओ कॉलवर दरवेळी विचारतो, बाकीचे डबे अजून जमिनीवर कसे? मी त्यांना कुणालाही हात लावू देत नाही. त्यांच्या जागा फक्त तिला माहीत होत्या.