कुंपणावरून दिलेली रायफल

जवसाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. ऑफिसातला एक मित्र आणि मी, आम्ही मिळून लिव्हरवाली छोटी रायफल बनवली होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मी घासून, तेच तेल पाजून गुळगुळीत केला होता. नावन गावाजवळच्या ओल्या शेतात आम्ही दोघं सशांच्या शिकारीला निघालो. कुंपण ओलांडण्याआधी लिव्हर उघडून रायफल रिकामी करायची, एवढा साधा नियम. मी पलीकडे गेलो आणि या पठ्ठ्याने नळी माझ्या छातीकडे करून ती तारेवरून दिली. मी लिव्हर ओढली, तर जिवंत काडतूस गवतात पडलं. “मूर्खा, मेलो असतो मी!” मी किंचाळलो. “अरे, धडधाकट आहेस ना? ओरडून ससा पळवलास!” तो म्हणाला. आज त्याच दस्त्याला तेल लावतोय. तो मात्र अजून सगळ्यांना सांगतो, मी त्याचा ससा घालवला.